मधल्या रेघेच्या बाई

आमच्या गणिताच्या बाईंच्या पर्समध्ये एक वेळ चष्मा सापडायचा नाही, पण आरसा सापडायचाच. तो तोंड बघायचा नव्हे. बिनचौकटीचा, पोस्टकार्डाएवढा, रुमालात गुंडाळलेला तुकडा. सांगलीत कुठल्याशा काचवाल्याकडून त्यांनी तो कापून आणला होता आणि कडा स्वतः घासल्या होत्या. हा आरसा त्या कशावरही उभा करायच्या. पिंपळाच्या पानावर, कुणाच्या डब्यातल्या भाकरीवर, हेडसरांच्या सहीवर. मग मान तिरकी करून आत बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "आहे," नाहीतर "नाही."

काय आहे आणि काय नाही, हे कळायला आम्हाला आठवडा लागला. पुस्तकात त्याला सममितीचा अक्ष म्हणतात. बाई त्याला मधली रेघ म्हणायच्या. आकृती त्या रेघेवर दुमडली, की एक अर्धं दुसऱ्या अर्ध्यावर बरोबर बसलं पाहिजे. आणि त्याच रेघेवर आरसा उभा केला, की अर्धी आकृती आरशात पुरी झाली पाहिजे. एवढंच ते. पण ह्या एवढ्याशावर बाईंनी आख्खी शाळा कामाला लावली होती.

बाई मिरजेच्या पलीकडच्या, जैनांच्या घरातल्या. रोज यष्टीनं यायच्या. बोलणं आमच्यासारखंच, पण मोजायला लागल्या की कानडीत घसरायच्या. "ओंदु, यरडु, मूरु, नाल्कु." चौरसाच्या चार रेघा त्यांनी आम्हाला कानडीतच मोजून दिल्या. आमच्या वर्गातली पोरं आजही चारपर्यंत कानडी मोजतात. पुढं येत नाही, कारण चौरसानंतर त्यांनी थेट वर्तुळ घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याच्या मोजायला बसू नका, म्हातारे व्हाल."

"घडी घालून बघ" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. आयताला कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली तर ती चालते का, असं विचारलं की, घडी घालून बघ. बघितलं की कळायचं, कोपरे बाहेर डोकावतात. एकदा हेडसरांनी शाळेच्या नव्या, दिव्याचं चित्र असलेल्या लेटरहेडवर काहीतरी सूचना काढली. शिपाई सही घ्यायला वर्गात आला. बाईंनी कागद उभा दुमडला, उजेडात धरला आणि परत दिला. म्हणाल्या, "सरांना सांग, दिवा मधे नाही. दोन सूत डावीकडं सरकलाय." सूचना काय होती ते त्यांनी वाचलंच नाही. त्या दिवशी मीटिंग होती आणि बाई एकट्याच गैरहजर राहिल्या.

भांग बाजूला पाडलेली पोरगी त्यांना चालायची नाही, असं मात्र नाही हं. उगाच लोक सांगतात. त्या फक्त तिच्याकडं बघून उसासा टाकायच्या.

दिवाळीनंतरचा किस्सा आमच्या गावात अजून निघतो. बाईंनी फर्मान सोडलं, घरून नारळाची नाहीतर बेसनाची एकेक वडी आणायची. आम्हाला वाटलं, बाईंना फराळ पाहिजे. सगळ्यांनी चांगल्यातली निवडून आणली. बाईंनी एकेक वडी टेबलावर घेतली आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात आरसा उभा केला. ज्या वडीच्या चारी बाजू सारख्या, तिच्या दोन रेघा निघाल्या. आरशात वडी परत वडीच दिसली. पण बहुतेकांच्या आयांनी हात सैल सोडून कापलेलं, दोन बाजू लांब, दोन आखूड. तिथं आरशात भलतंच पाखरू दिसायचं. बाईंनी चव न बघता वड्यांचे दोन ढीग केले आणि डाव्या ढिगाला म्हणाल्या, "ह्या फसवतात."

संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. माझी आई चुलीपुढनं उठून दारात आली. "तुज्या बाईला म्हणावं, वडी खायाची असती. मापायची न्हाई. माजी वडी फसवती व्हय?" पण पुढच्या दिवाळीला तिनं ताटातली वडी पट्टी लावून कापली. कुणाला सांगू नको म्हणाली. मी सगळ्यांना सांगितलं.

अक्षरांचं तर विचारूच नका. इंग्रजी मोठ्या लिपीतली कुठली अक्षरं उभ्या रेघेवर दुमडतात, कुठली आडव्या, आणि कुठली कशावरच नाही, ह्याची यादी भिंतीवर लागली. A, M, T, U ही उभ्या रेघेची. B, C, D, E आडव्या रेघेची. H, I आणि O दोन्हीकडून खरी. S आणि N दिसायला साळसूद, पण रेघ एकपण नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की आमच्या वर्गातल्या अमितचं नाव एकाखाली एक अक्षर असं उभं लिहिलं तर आरशात जसंच्या तसं राहतं. उमाचंही. झालं. ती दोघं आठ दिवस जमिनीवर पाय ठेवीनात. माझ्या नावात एका A खेरीज सगळी अक्षरं उलटी पडायची. मी घरी येऊन आईला म्हटलं, नाव ठेवताना जरा विचार करायचा. ती म्हणाली, ताटावर बस.

मराठीत म्हणे मधली रेघ असलेलं अक्षर एकच, ठ. डोक्यावर आडवी रेघ, मधोमध दांडी, खाली गोल. बाईंचा त्या अक्षरावर जीव होता. मराठीचे सर म्हणाले, "बाई, ळ पण घ्या की. त्याला दोन्ही बाजूंनी कान आहेत." बाईंनी आरसा लावला. "एक कान मोठा आहे सर. ळ नाही." तिसऱ्या दिवशी ते स्वतः फळ्यावर ळ काढून, दोन्ही कान सारखे करून दाखवत होते. बाई म्हणाल्या, "हे ळ नाही. हा चष्मा आहे."

आणि एकदा त्यांनी आरसा स्वतःच्या तोंडावर लावला, नाकाच्या शेंड्यावर उभा धरून. एका बाजूनं बघितलं तर दोन्ही अर्धी डावी. बाई बारीक, गालफडं बसलेल्या. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर दोन्ही अर्धी उजवी. बाई गुबगुबीत, खुशीत. सगळा वर्ग रांगेनं येऊन दोन्ही बाई बघून गेला. "माणसाला रेघ असते असं वाटतं," बाई म्हणाल्या, "पण घडी नीट बसत नाही. घाबरू नका, कुणाचीच बसत नाही." मला ते लय आवडलं होतं, कारण मी डावरी.

डावरी म्हणजे काय, हे उजव्या हाताच्या माणसाला सांगून कळत नाही. देवळात प्रसादाला हात पुढं केला की पुजारी हातावर टिचकी मारणार. पंगतीत वाढायला उभं राहिलं की पळी काढून घेणार. आई वाईट नव्हती, पण तीही म्हणायची, "चार लोकांत तरी उजवा वापर की गं." आमचे आण्णा, म्हणजे वडील, फौजेत हवालदार. ते वर्षातून दोनदा यायचे आणि मला समोर बसवून उजव्या हातानं पाढे लिहायला लावायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. शिस्त म्हणून.

त्या वर्षी मी आठवीत होते आणि सांगलीला मुलींच्या लेझमाची स्पर्धा होती. आण्णांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, की मी संघात आहे, पहिल्या ओळीत. तेव्हा खरंच होते. आण्णांनी सुट्टी आठ दिवस पुढं सरकवली. युनिटमध्ये सगळ्यांना सांगितलं म्हणे, पोरगी सांगलीला खेळतीय.

आणि चौथ्या दिवशी पीटीच्या सरांनी मला काढलं. इतर जणींचा दांडा ज्या हातात, त्या हातात माझी साखळी. त्या एका अंगाला झुकल्या की मी दुसऱ्या. सरांनी तीनदा हात बदलायला लावले. बदलले की माझा ठोका चुकायचा आणि ओळ फिस्कटायची. "आगं, एका पोरीपायी सगळ्या ओळीचं वाटुळं व्हतंय," सर म्हणाले. "तू पान्याच्या बाटल्या संभाळ." मी बाटल्या घेऊन कडंला बसले. आण्णांना काय सांगायचं, हे एकच डोक्यात. खोटं बोलण्यापेक्षा आजारी पडावं असं ठरवलं आणि दोन दिवस मुद्दाम गार पाणी पिऊन बघितलं. साधी शिंकपण आली नाही.

आता सरांचं दुखणं ऐका. मागच्या वर्षी आमची शाळा हरली होती. शेवटची रचना पंख्याची. दोन रांगा मधनं फुटायच्या आणि पाहुण्यांपुढं पंख्यासारख्या उलगडायच्या. परीक्षक म्हणाले होते, पंखा अर्धाच उघडतो. सरांना ते काही केल्या उमगत नव्हतं. चोवीस पोरी एका ठोक्याला एकच हात, एकच पाय टाकतात, चूक एकीची नाही, मग पंखा मोडका का दिसतो? म्हणून ते आणखी ओरडायचे. पोरी आणखी सारखं करायच्या. आणि पंखा आणखी मोडका दिसायचा.

बाई दिवस मावळायच्या आत जेवायच्या. सरावाच्या वेळी त्या व्हरांड्यात डबा उघडून बसलेल्या असायच्या, यष्टीची वेळ होईपर्यंत. त्या दिवशी त्यांनी घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"सर, तुमची रेघ मोडलीय."

"कसली रेघ, बाई? चोवीसच्या चोवीस सारख्या हायत."

"म्हणून तर मोडलीय."

सरांनी हात जोडले. बाईंनी डबा बंद केला, हात धुतले आणि शिपायाला चौकातल्या सलूनमध्ये पिटाळलं. सलूनवाल्याचा मोठा आरसा दोघांनी उचलून आणला. सलूनवाला स्वतः मागनं आला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून, कारण आरसा त्याच्या लग्नातला होता. बाईंनी मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ ओढली. तिच्यावर आरसा उभा धरायला लावला. त्याच्या शेजारी उजव्या रांगेच्या म्होरकीला उभं केलं आणि सरांना समोर, जरा तिच्या अंगाला नेलं, पाहुण्यांच्या जागी.

"आता खेळ गं."

ती खेळली. ती बाहेरच्या अंगाला झुकली, तशी आरशातली पोरगीही बाहेरच्या अंगाला झुकली. दोघींच्या साखळ्या एकाच वेळी दोन दिशांना उघडल्या. एका पोरीचा पंखा झाला. सर बघतच राहिले. सलूनवालापण.

"तुमच्या दोन्ही रांगा उजवीकडं झुकतात," बाई म्हणाल्या. "मग एक बाहेर पडते आणि एक आत. सारखं केलं की सारखं दिसत नाही, सर. डाव्या रांगेनं उलटं केलं पाहिजे, तर ते सारखं दिसणार. ही आरशातली बघा. ही डावरी आहे."

सरांनी तिथल्या तिथं एक लेझीम उचललं आणि उलट्या हातानं करून बघितलं. दुसऱ्याच ठोक्याला साखळी गुडघ्यावर बसली. ते लंगडत म्हणाले, "आवं, पर हे शिकवायचं कुणी? मलाच येत न्हाई. आन् लेझीम देवापुढं खेळत्यात. डाव्या हातानं बरं दिसतंय का?"

"देव समोर बसलाय की सर. त्याला तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या अंगालाच दिसतो. एवढी वर्षं त्यानं काही म्हटलंय का?" सर गुडघा चोळत राहिले. बाईंनी पदर खोचला आणि बाटल्यांकडं बोट केलं. "आणि शिकवायचं म्हणाल, तर आरशातली पोरगी तिथं बसलीय."

मी सांगते, माझे कान तापले. चोवीसजणी माझ्याकडं वळून बघत होत्या आणि मी बाटलीचं बूच आवळत बसले. बाईंनी लेझीम आणून माझ्या हातात दिलं, माझ्या हातांप्रमाणं, माझ्या बाजूनं. मला कुणी कधी कुठली वस्तू तशी दिली नव्हती. मी त्या आरशाच्या जागी उभी राहिले. हलगीवाल्यानं ठोका दिला आणि आम्ही दोघी खेळलो. पहिल्यांदाच मी कुणाचं बघून उलटं करत नव्हते. जे आपोआप येत होतं, तेच बरोबर होतं.

सर मान हलवत म्हणाले, "आठ दिस देतो. डावी रांग बसली तर बसली. न्हाईतर जुनंच खेळायचं, आन् तू परत बाटल्यांवर."

आठ दिवसांत माझ्या रांगेतल्या बाकीच्या अकराजणींना डाव्या बाजूनं शिकवायचं. त्या वैतागल्या. एकीनं तर सांगितलं, तिची आई म्हणतीय, पोरीला डावरी करून आणू नको, लग्न जमणार नाही. साखळ्या पोटऱ्यांवर बसायच्या, पोरी मला शिव्या घालायच्या. बाईंनी युक्ती दिली. उजवीतली एक आणि डावीतली एक, समोरासमोर उभ्या करायच्या. आरशात तोंड धुताना कुणी डावं-उजवं म्हणत नाही, तसं नुसतं समोरच्यासारखं करायचं. ह्यानं जमायला लागलं. मी रांगेच्या पुढं उभी राहून ओरडायचे. इतकं ओरडायचे, की पीटीचे सर एकदा म्हणाले, हळू गं. ते, ज्यांचा आवाज कडेगावच्या फाट्यापर्यंत जायचा, ते मला हळू म्हणाले.

सातव्या दिवशी बाईंनी फक्कीच्या रेघेवर उभं राहून एक डोळा मिटला आणि पंखा बघितला. सलूनवाल्याला निरोप पाठवला, आता आरसा लागणार नाही, नीट भिंतीला लाव. आठव्या दिवशी सरांनी बाटल्यांवर दुसरीच पोरगी बसवली.

सांगलीच्या मैदानावर बावीस शाळा होत्या. आण्णा गणवेशात नव्हते, तरी गर्दीत लगेच दिसले, कारण ते सावधानमध्ये उभे होते. बाई परीक्षकांच्या मागं उभ्या राहायला गेल्या तर स्वयंसेवकानं अडवलं. त्या म्हणाल्या, "मला बरोबर मधे उभं राहायचंय, तू एक पाऊल तिकडं हो." तो बिचारा झाला.

पंखा उघडला तेव्हा कसा दिसला, ते मला माहीत नाही. आत असलेल्याला काही दिसत नाही. मला फक्त हलगी ऐकू येत होती, आणि रेघेपलीकडं जिची मी आरशातली होते, तिचा श्वास. चोवीस साखळ्या एकदम उघडल्याचा आवाज झाला आणि मैदान गप्प झालं. मला वाटलं, चुकलो. मग टाळ्या आल्या, आणि त्या थांबेनात. मोबाईलवर कुणीतरी काढलेलं मी नंतर बघितलं. देखणं होतं. दुमडलं असतं तर अर्धं अर्ध्यावर बसलं असतं.

पहिला नंबर आमचा. पीटीच्या सरांनी ढाल घ्यायला दोघींना पाठवलं, उजवी म्होरकी आणि मी. ढाल दोन्ही बाजूंनी धरली. खाली उतरले तर आण्णा समोर. त्यांनी आधी ढाल उलटून बघितली. मग म्हणाले, "फौजेत डाव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याला आमी उजवीकडं वळवतो. तुला वळवाया जमलं न्हाई. बरं झालं, पोरी." मी रडले. आण्णापण रडले, पण ते धूळ गेली म्हणाले.

ते बाईंचे आभार मानायला गेले. दिवस कलला होता आणि बाई पायरीवर बसून घाईनं जेवत होत्या. आण्णांनी हात जोडून दोन वाक्यं पाठ केल्यासारखी म्हटली. बाई त्यांच्या तोंडाकडं निरखून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमची मिशी डावीकडं जास्त कापली गेलीय." आण्णांनी त्या रात्री आईचा आरसा मागून घेतला.

बाई आता निवृत्त आहेत, सांगलीला असतात. माझं कडेगावात शिवणाचं दुकान आहे. कापड मधोमध दुमडायचं, अर्धंच बेतायचं आणि एकदाच कातरायचं, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर येतात. डाव्या हाताची कात्री मुंबईहून मागवावी लागते. ब्लाऊज परत आला, असं अजून झालेलं नाही.

पण मला सांगायचंय ते स्पर्धेनंतरच्या जूनचं. शाळा नुकती सुरू झालेली. लेझमाचा नवा संघ निवडायला पीटीचे सर आमच्या वर्गावर आले. वही उघडली, पेन काढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डावऱ्या कोण कोण हायत? हात वर करा."

जन्मभर त्या प्रश्नानंतर मी बोलणी खाल्ली होती. मी हात वर केला. सर वहीत लिहायला लागले आणि लिहितच राहिले, म्हणून मी मागं वळून बघितलं. माझ्यासकट नऊ हात वर होते. त्यातल्या आठजणी उजव्या हातानं लिहायच्या, मला चांगलं माहीत होतं.

मी हात वर ठेवून तशीच पुढं वळले. डाव्या रांगेला मला बारा पाहिजे होत्या.